मुलांचे मानसिक उपचार : कोणाला किती सांगायचे?

“डॉक्टर, शाळेत कळलं तर?” मुलाला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा म्हटले, की कळवणमधले पालक आधी हेच विचारतात. ही काळजी रास्त आहे. मुलाच्या उपचारात तालुक्यातला डॉक्टर, नाशिकचे मानसोपचारतज्ज्ञ, समुपदेशक, वर्गशिक्षक आणि आश्रमशाळेत असल्यास अधीक्षक अशा अनेकांचा हात लागतो. म्हणून प्रत्येकाने काय जाणून घ्यायचे, हे आधीच ठरवावे.

कामापुरतीच माहिती

गोळी कधी द्यायची, हे अधीक्षकांना सांगावे लागते. सकाळी गुंगी राहते, हे शिक्षकांना माहीत हवे. आजाराचे नाव किंवा घरातली भांडणे त्यांना कळण्याची सहसा गरज नसते. शाळेशी बोलण्यापूर्वी डॉक्टरांनी तुमची परवानगी घ्यावी आणि काय सांगणार, हे मुलालाही सांगावे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार १८ वर्षांखालील मुलांच्या वतीने पालक निर्णय घेतात. पण माहिती गोपनीय राहण्याचा हक्क मुलालाही आहे.

“आईला सांगू नका”

मूल समुपदेशकाशी एकटे बोलले, तर बाहेर आल्यावर “काय बोललास?” म्हणून खोदून विचारू नका. मैत्री, अभ्यासाची भीती, तुमच्याबद्दलचा राग या गोष्टी तिथेच राहू द्या. आपले बोलणे घरी पोहोचते असे वाटले, तर पुढच्या वेळी मूल गप्प बसेल.

मात्र काही गोष्टी लपवता येत नाहीत :

• मूल स्वतःला इजा करत असेल किंवा जीव देण्याचे विचार बोलून दाखवत असेल, तर पालकांना सांगावेच लागते.
• लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर पॉक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

म्हणूनच “कोणालाच सांगणार नाही” असे वचन मुलाला कोणीही देऊ नये. डॉक्टरांनीही नाही आणि तुम्हीही नाही. कोणती गोष्ट गुप्त राहील आणि कोणती सांगावी लागेल, हे पहिल्याच भेटीत मुलासमोर स्पष्ट करून घ्या.

पुढच्या भेटीआधी

उपचारातल्या सर्वांशी समन्वय कोण ठेवणार, हे विचारून घ्या. चिठ्ठ्या एकाच फाइलमध्ये ठेवा आणि ती घरीच असू द्या. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलाच्या उपचारांबद्दल काहीही टाकू नका.

तातडीने बोलायचे असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. जिवाला धोका वाटल्यास मुलाला एकटे सोडू नका. लगेच रुग्णालयात आणा.