होकायंत्र, नकाशा आणि घड्याळ

१५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन ‘पस मॉथ’ जातीच्या छोट्या विमानांतून एकटेच कराचीहून निघाले. वाटेंत अहमदाबादेस थांबून दुपारीं मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. विमानांत रेडिओ नव्हता. होकायंत्र, नकाशा आणि घड्याळ यांवरच सारी मदार. आज उपग्रहांच्या साहाय्यानें स्थान कळतें, तरीहि छोट्या विमानाच्या वैमानिकास ही विद्या शिकावीच लागते. कारण यंत्र बंद पडलें म्हणून विमानाला आकाशांत थांबतां येत नाहीं.

होकायंत्र असलें म्हणजे वाट चुकत नाहीं, असा पुष्कळांचा समज असतो. पण विमानाचें तोंड कोणीकडे आहे एवढेंच तें सांगतें. विमान कोणीकडे चाललें आहे, हें सांगत नाहीं. भरल्या नदींत समोरचा घाट गांठावयाचा तर नावाडी नावेचें तोंड प्रवाहाच्या अंगास वळवून धरतो. वैमानिकाची नदी म्हणजे वारा. ताशीं ९० मैल जाणाऱ्या विमानावर बाजूनें ताशीं १५ मैलांचा वारा आला, तर तासाभरांत तें वाटेपासून १५ मैल दूर पडतें. म्हणून तोंड सुमारें साडेनऊ अंश वाऱ्याकडे वळवावें लागतें. (शिवाय कांटा खऱ्या उत्तरेपासून जागोजागीं थोडाबहुत ढळतो, विमानांतील लोखंडहि त्यास ओढतें, तो हिशेब निराळा.)

वारा अंदाजाबाहेरचा निघाला तर? येथें एक सोपें गणित कामीं येतें: ६० मैलांत १ मैलाची चूक म्हणजे १ अंश. समजा, ३० मैल गेल्यावर विमान वाटेपासून २ मैल सरकलें. चूक ४ अंशांची झाली. पण तोंड ४ अंश फिरविल्यानें विमान मूळ वाटेस समांतर जाईल, मुक्कामास नव्हे. पुढें ६० मैल उरले असतील तर आणखी २ अंश हवेत. नवशिके नेमके हेच विसरतात.

नकाशा वाचण्याची रीतहि उलटी आहे. खालीं तळें दिसलें म्हणून नकाशांत तळें शोधूं लागल्यास दहा सांपडतात. आधीं घड्याळ पाहावें, तेवढ्या वेळांत विमान कोठवर आलें असावें तें नकाशावर ठरवावें, आणि मग खालीं दृष्टि टाकावी. खूण मोठी धरावी. अहमदाबादेहून आगगाडीच्या रुळाच्या कडेनें दक्षिणेस येतांना मही, नर्मदा, तापी एकामागून एक आडव्या येतात. त्यांची गल्लत होणें कठीण, परंतु वेळ टिपली नसेल तर तीहि होते.

खूण वेळेवर दिसली नाहीं कीं जीव घाबरतो आणि वैमानिक इकडेतिकडे फिरूं लागतो. खरा घात तेथेंच. दिशा सोडूं नये. पेट्रोल किती मिनिटांचें उरलें तें मोजावें, आणि पुढची मोठी खूणहि आली नाहीं तर उजेड व पेट्रोल शिल्लक असतांनाच एखादें बरें मैदान पाहून उतरावें.