विष आतड्यातच होतं

पटकी कशामुळे होते याचं अर्धं उत्तर १८८४ मध्येच हाती आलं होतं. रॉबर्ट कॉख कलकत्त्याला आले आणि पटकीनं दगावलेल्यांच्या आतड्यांतून त्यांनी स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू वेगळा काढला. (फ्लॉरेन्सच्या फिलिपो पाचिनींनी तो १८५४ मध्येच पाहिला होता, पण त्यांचं कुणी ऐकलं नाही.) हा जंतू विष सोडत असावा, असा कॉख यांचा तर्क होता. तो सिद्ध व्हायला मात्र पाऊणशे वर्षं लागली.

इतका वेळ का लागला? संशोधक जंतू टोचत होते ते प्राण्यांच्या शिरेत नाहीतर पोटाच्या पोकळीत. प्राणी मरायचे, पण त्यांना जुलाब होत नसत. आणि पटकीचा रोगी तर जुलाबानंच मरतो. जंतू रक्तात शिरत नाही, आतड्यातच राहतो, हे ठाऊक असूनही प्रयोग मात्र आतडं सोडून चालले होते.

हा गुंता सोडवला कलकत्त्याच्याच शंभुनाथ डे यांनी. हुगळी जिल्ह्यातल्या गरीबाटी गावचे डे लंडनहून पीएचडी करून १९४९ मध्ये परतले. त्यांची युक्ती साधी होती. भूल दिलेल्या सशाचं पोट उघडायचं, लहान आतड्याचा एक तुकडा दोन्हीकडून दोऱ्यानं बांधायचा, त्यात पटकीचे जंतू टोचायचे आणि पोट शिवून टाकायचं. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर बांधलेला भाग तांदळाच्या धुवणासारख्या पाण्यानं टम्म फुगलेला. शेजारी नुसतं पोषकद्रव टोचलेला तुकडा जसाच्या तसा. हा प्रयोग १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी जंतू वाढवलेला द्रव गाळून घेतला आणि एकही जंतू नसलेला तो गाळलेला द्रव सशाच्या आतड्यात सोडला. आतडं तसंच फुगलं! ३० मे १९५९ च्या 'नेचर'मध्ये हे छापून आलं ते जेमतेम दोन पानांत.

मला त्यांचं १९५६ चं काम तितकंच मोलाचं वाटतं. जुलाबाच्या रोग्यांकडून मिळालेल्या काही ई. कोलाय जंतूंनीही सशाचं आतडं तसंच फुगवलं होतं. एरवी आपल्या पोटात निरुपद्रवीपणे नांदणाऱ्या या जंतूच्या काही जाती विष तयार करतात आणि लहान मुलांना, प्रवाशांना बेजार करतात, हे जगानं मान्य केलं ते आणखी दहा-पंधरा वर्षांनी.

याच सुमाराला मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता आणि त्यांचे सहकारी सशाच्या पिल्लांवर प्रयोग करत होते. दत्ता, पानसे आणि कुलकर्णी यांनी १९५९ मध्येच दाखवलं, की जंतूंचा निर्जंतुक अर्क पिल्लाला दिला तरी जुलाब होतात. परळचं हे काम मराठी माणसालाही आज फारसं आठवत नाही.

१९६९ मध्ये अमेरिकेत हे विष शुद्ध स्वरूपात वेगळं झालं आणि त्याची करामत हळूहळू उलगडली. ते आतड्याच्या पेशीला चिकटतं, आतलं एक विकर सतत चालू ठेवतं. पेशी क्लोराइड बाहेर टाकत राहतात आणि पाठोपाठ सोडियम आणि पाणी जातं. पण पेशी मरत नाही. ग्लुकोजबरोबर मीठ आत घेण्याची तिची वाट शाबूत राहते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच वाटेचा आधार घेतला. मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून त्यांनी तीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर चार टक्क्यांखाली आणला.

डे १९७३ मध्ये निवृत्त झाले. १९७८ मध्ये पटकीवरच्या नोबेल परिसंवादाचं आमंत्रण त्यांना आलं. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवलं होतं. १९८५ मध्ये ते गेले, तोवर भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीनं त्यांना सदस्य करून घेतलं नव्हतं.