प्रशांत महासागर आणि शिरपूरचा पाऊस

मे महिना सरत आला की शिरपूर तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्यापुढे एक प्रश्न उभा राहतो : कापसाची धूळपेरणी करावी, की पावसाची वाट पाहावी? कोरड्या मातीत बी टाकल्यावर पाऊस वेळेवर आला तर पीक पुढे निघते. पण एका सरीनंतर आभाळ कोरडे राहिले, तर अंकुर करपतात आणि दुबार पेरणीचा खर्च अंगावर पडतो. याच सुमारास कधी कधी बातमी येते, 'यंदा एल निनो. पाऊस कमी पडण्याची शक्यता.' इतक्या दूरच्या समुद्राचा आपल्या शेताशी संबंध काय?

एरवी विषुववृत्तीय प्रशांत महासागरावर वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि उबदार पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटतात. तेथील हवा तापून वर चढते व भरपूर पाऊस पडतो. काही वर्षी हे वारे मंदावतात. उबदार पाणी पूर्वेकडे पसरते आणि ढगही त्याच्यामागे सरकतात. हाच एल निनो. मग किरिबाती बेटांवर पाऊस वाढतो, फिजीत तो घटतो, आणि ताहितीसारख्या बेटांना चक्रीवादळांचा धोका वाढतो. १९८२-८३ साली ताहितीने तो चांगलाच अनुभवला. इकडे इंडोनेशियापासून भारतापर्यंत हवा खाली उतरण्याकडे कल राहतो आणि ढग वाढण्यास अडथळा होतो.

उद्याच्या सरीची खात्री देता येत नाही, मग चार महिन्यांचा अंदाज कसा करता येतो? विद्यार्थी मित्रांनो, सारख्या वजनाची कोरडी वाळू आणि पाणी उन्हात ठेवून पाहा. वाळू लवकर तापते. पाण्याची विशिष्ट उष्णता तिच्या सुमारे पाचपट आहे. म्हणून एकदा तापलेला समुद्र लवकर निवत नाही. त्याचा परिणाम महिनोन् महिने टिकतो.

१९०४ साली भारतीय हवामान खात्याची सूत्रे हाती घेणारे गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर मान्सूनचा अंदाज शोधू लागले. प्रशांत महासागराच्या पूर्वेकडे हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराकडे तो घटतो, आणि उलटही घडते, असे त्यांना आढळले. या हेलकाव्याचे समुद्राच्या तापमानाशी असलेले नाते याकोब बियर्कनेस यांनी १९६९ साली स्पष्ट केले.

तरीही एल निनो म्हणजे दुष्काळ असे समीकरण मांडता येत नाही. २००९ साली एल निनो होता आणि देशात मान्सूनचा पाऊस सरासरीच्या सुमारे २२ टक्के कमी पडला. १९९७ साली एल निनो त्याहून कितीतरी प्रबळ होता, पण पाऊस सरासरीपेक्षा किंचित जास्तच झाला. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग तापला होता, त्याची मदत झाली असे मानतात. म्हणजे हंगामी अंदाज शक्यता सांगतो, तीही विस्तीर्ण प्रदेशाची. पेरणीचा दिवस तो सांगत नाही. पाण्याची बचत, कमी मुदतीचे वाण, थोडे बियाणे राखून ठेवणे, अशा तयारीसाठी मात्र तो उपयोगी पडतो. पेरणीसाठी जमिनीतील ओल आणि पुढच्या काही दिवसांचा अंदाज पाहावा लागतो.

शाळेत पर्जन्यमापक बसवा आणि रोज सकाळी साडेआठला नोंद करा. पावसात किती दिवसांचे खंड पडले तेही लिहा. काही वर्षांच्या नोंदी जमल्या, की एल निनोच्या वर्षी आपल्या गावात काय घडते ते तुमच्याच वहीत दिसू लागेल.