स्टेअरिंग जड झालं? पंप बदलायच्या आधी एवढं बघा

(या भागाचं लेखी रूप. बोलण्यातल्या त्याच त्या गोष्टी कमी केल्यात, बाकी तसंच ठेवलंय.)

आजचा भाग केजच्या एका श्रोत्याच्या प्रश्नावर. ते म्हणतात, "दादा, माझी डिझेल गाडी तेरा वर्षांची झाली. जागेवर वळवताना स्टेअरिंग दगडासारखं होतं, रस्त्याला लागलं की बरं वाटतं. मिस्त्री म्हणतो पंप गेला. बदलून टाकू का?"

माझं उत्तर: थांबा जरा. पंप जातो, नाही असं नाही. पण त्याच्या आधी चार-पाच गोष्टी घरच्या अंगणात, जवळपास फुकटात तपासता येतात. त्या न बघता पंप बदलला तर पैसेही जातात आणि कधी कधी दुखणं तसंच राहतं.

आधी गाडी कुठल्या प्रकारची ते ओळखा

बॉनेट उघडा. स्टेअरिंगचं चित्र असलेली ऑइलची छोटी डबी दिसली, म्हणजे तुमचं स्टेअरिंग ऑइलवर चालणारं, हायड्रॉलिक. इंजिन बेल्टनं पंप फिरवतं, पंप ऑइलला दाब देतो आणि तो दाब चाकं वळवायला मदत करतो. आपल्याकडच्या जुन्या जीपगाड्यांत बहुतेक हेच असतं.

डबी नसेल तर बऱ्याचदा इलेक्ट्रिक असतं, म्हणजे मोटर मदत करते. तिथं आधी बॅटरीची टर्मिनल्स, फ्यूज आणि चार्जिंग बघा. मीटरवर स्टेअरिंगचा दिवा पेटून राहिला तर स्कॅनर लावून घ्या. आणि जागेवरच खूप वेळ चाक फिरवलं की मोटर तापते, मग ती मदत कमी करते. थंड झाल्यावर पूर्ववत झालं तर घाबरू नका.

हायड्रॉलिक असेल तर या क्रमानं जा

एक, टायरची हवा. हसू नका! पुढच्या चाकांत हवा कमी असली की स्टेअरिंग जड होतंच. आधी हवा भरा, मग बोला.

दोन, ऑइल. डबीवरच्या खुणेपर्यंत आहे का? फेस आलाय का? फेस म्हणजे आत हवा शिरतेय, बहुतेक वेळा डबीकडून पंपाकडे जाणाऱ्या पाइपाच्या ढिल्या क्लिपमधून. काळं, जळकट वासाचं असेल तर बदलायची वेळ झाली. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच घाला. ब्रेक ऑइल चुकूनही घालू नका, त्यानं रबरी सील फुगून खराब होतात.

तीन, बेल्ट. इंजिन बंद करून बघा. भेगा, चकाकी, तेलाचा ओलावा, ढिलेपणा. पूर्ण वळवताना "चीं" असा आवाज आला तर पहिला संशय बेल्टवर. "घूं घूं" असा आवाज स्टेअरिंगबरोबर वाढत असेल तर ऑइल कमी किंवा हवा, आणि त्यानंतर पंप.

चार, गळती. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा, सकाळी डाग कुठे आहे ते बघा. पाइपाचे जोड, पंपाचा शाफ्ट, स्टेअरिंग बॉक्स. इंजिन चालू असताना दाबाच्या पाइपावर हात फिरवून गळती शोधू नका. ऑइल गरम असतं आणि दाब फार मोठा असतो.

पाच, जॅक. सपाट जागा, हँडब्रेक, मागच्या चाकांना दगड. पुढची दोन्ही चाकं उचलून खाली स्टँड द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. आता इंजिन बंद ठेवून, किल्ली फिरवून लॉक सोडून, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. इथंही अडकत असेल तर दोष पंपात नाही. बॉल जॉइंट, स्टेअरिंगच्या दांड्याचा जॉइंट किंवा बॉक्स बघावा लागेल. आणि चालू गाडीत एकाच बाजूला जड लागत असेल तर बॉक्समधल्या व्हॉल्व्हवर संशय घ्या.

मग केजच्या दादांचं काय?

त्यांची एक गोष्ट लक्षात घ्या. "रस्त्यावर बरं वाटतं" म्हणजे दोष गेला असं नाही. चाक फिरत असताना ते वळवायला मुळातच कमी ताकद लागते. म्हणून जागेवर उभं राहून इंजिनची रेस थोडी वाढवा. स्टेअरिंग हलकं झालं तर मदत कमी पडतेय: ऑइल, बेल्ट किंवा पंप. पहिले दोन ठीक निघाले, हवा काढून झाली आणि तरीही जड असेल, तर मिस्त्रीला दाबाचं गेज लावायला सांगा. गेजवर दाब कमी निघाला आणि दोष पंपातच आहे हे ठरलं, की मग खुशाल बदला.

हवा काढायची रीत सोपी आहे. पुढची चाकं वर, इंजिन बंद. पंधरा-वीस वेळा स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत हळूहळू फिरवा, डबीतलं ऑइल कमी होऊ देऊ नका. मग इंजिन चालू करून पुन्हा काही वेळा. फेस गेला की झालं. एरवीही पूर्ण वळवून टोकाला चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, तिथं पंपावर सगळ्यात जास्त ताण येतो.

आणि घाटाचं एक

बीडहून मांजरसुंब्याकडे जाणारे-येणारे सगळे तो घाट ओळखतात. उतारावर डिझेल वाचवायला इंजिन बंद करणारेही ओळखीचे असतील. हे करू नका, हात जोडून सांगतो. इंजिन बंद झालं की पंप थांबतो आणि वळणावर स्टेअरिंग एकदम जड होतं. ब्रेकची मदतही दोन-चार दाबांत संपते. किल्ली काढली तर स्टेअरिंग लॉक होऊ शकतं. वाचणारं डिझेल थोडं, पण मागं घरची माणसं बसलेली असतात.

घाटातच अचानक जड झालं तर? इंजिन चालूच ठेवा. दोन्ही हातांनी घट्ट धरा, खालचा गिअर टाका, वेग कमी करत मोकळ्या जागी बाजूला घ्या. जड होतं, पण चाकं वळतात, कारण दांडा चाकांना जोडलेलाच असतो. बेल्ट तुटला असेल आणि बॅटरीचा दिवा पेटला किंवा इंजिन तापू लागलं, तर तशीच पुढं दामटू नका. बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर असतो.

तर दादा, उद्या सकाळी आधी हवा भरा, मग बॉनेट उघडा. काय सापडलं ते कळवा, पुढच्या भागात सांगतो सगळ्यांना. भेटू!