चुलीचें अस्तर

वैशाख लागला कीं आमच्या नगरच्या घरीं अंगणांत लांकडाची चूल पेटते. स्वयंपाकघरांत गॅस येऊन पुष्कळ वर्षें झालीं; परंतु पंधरा-वीस माणसांच्या घराला वर्षभर पुरतील इतक्या कुरडयांचा चीक शिजवावयाचा म्हणजे त्या पातेल्याला अंगणच पाहिजे. गेल्या वैशाखांत याच चुलीनें घरांतील पांच वर्षांच्या मुलीचा तळहात भाजला, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही चूल आमच्या अभियांत्रिकी शिकणाऱ्या पुतण्यानें घरींच तयार केली होती. अमेरिकेंतील लॅरी विनियार्स्की या गृहस्थांनीं १९८० नंतरच्या दशकांत 'रॉकेट' चुलीचें तत्त्व मांडलें, त्या धर्तीची. जळण खालच्या आडव्या तोंडांतून सारावयाचें, ज्योत उभ्या नळांतून वर चढवावयाची, आणि नळाभोंवतीं उष्णता अडवून धरणारा हलका पदार्थ भरावयाचा. नळ कडक तापला म्हणजे धूर बाहेर पडण्यापूर्वींच बराचसा जळून जातो. तेलाचा मोठा पत्र्याचा डबा, त्यांत जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा नळ, आणि दोहोंच्या मध्यें सिमेंटांत कालवलेलें व्हर्मिक्युलाईट, म्हणजे रोपवाटिकेंत मिळणारें तें भुसभुशीत अभ्रकासारखें खनिज. पहिल्या वर्षीं निम्म्या लांकडांत चीक झाला. थोरल्या काकूंच्या डोळ्यांस पाणी आलें नाहीं, ही गोष्ट आम्हांस त्याहून मोठी वाटली.

दुसऱ्या वर्षीं चूल बाहेरून तशीच दिसत होती. गेल्या वर्षीं हात लावला तरी कोमट लागणारा तो डबा यंदा पोळतो आहे, हें कोणाच्याच ध्यानांत आलें नाहीं. चिकाची वाटी घेऊन आलेल्या मुलीनें तोल सांवरावयास डब्याला हात टेकला. कोणी हळद, कोणी टूथपेस्ट सुचवूं लागलें. सुदैवानें काकूंनीं तिचा हात वीस मिनिटें नळाच्या वाहत्या पाण्याखालीं धरून ठेवला, आणि तेंच योग्य होतें.

चूल निवल्यावर आम्हीं ती फोडून पाहिली. आंतील नळाचे पापुद्रे सुटले होते. तांबडें लाल होईपर्यंत पुनःपुन्हा तापणारें लोखंड प्राणवायूशीं संयोग पावून असेंच झिजतें. जस्ताचा मुलामा तर सुमारें ४२० अंश सेल्सिअसलाच वितळतो, आणि त्याची वाफ छातीस अपायकारक असते. खरी चूक मात्र नळाच्या मागें होती. लांकडाची ज्योत नीट पेटली म्हणजे ८०० अंशांच्या वर जाते. व्हर्मिक्युलाईट एवढी उष्णता सोसतें, पण सिमेंट सोसत नाहीं. सिमेंट घट्ट होतें तें पाण्याच्या योगानें, आणि तें पाणी त्याच्या कणाकणांत बांधलेलें राहतें. ४०० ते ५०० अंशांच्या दरम्यान त्यांतील चुन्याचा अंश तें पाणी सोडून देतो. विस्तव विझला कीं हवेंतील ओलावा पुन्हा शोषून फुगतो. एका पावसाळ्यांत आमचें अस्तर असें पीठ होऊन तळाशीं बसलें, व वरचा अर्धा भाग पोकळ राहिला. डबा तापला तो तेथेंच.

पुतण्यानें मग एका जुन्या ओव्हनांतील कांचेची लोकर आणून भरली. ती दोन दिवस टिकली! तिचे तंतू चिकटवून ठेवणारा पदार्थ उग्र वासासह जळाला आणि लोकर आकसून गेली. शेजाऱ्यांनीं ॲस्बेस्टॉसचा तुकडा देऊं केला, तो आम्हीं साफ नाकारला. ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा पत्रा विस्तवाजवळ तडकून फुटतो, आणि त्याची धूळ फुप्फुसांत गेल्यास कर्करोग जडूं शकतो.

थोरल्या काकूंना या सर्वांचें नवल वाटलें नाहीं. त्यांच्या माहेरीं नेवाशाकडे वैलाच्या चुलीला रोज सकाळीं पोतेरें फिरत असे. आम्ही त्यास शुचिर्भूतपणाचा भाग समजत होतों. वस्तुतः आदल्या दिवशीं पडलेल्या भेगा त्यानें बुजत, म्हणजे ती रोजची दुरुस्तीच होती. १९८३ च्या सुमारास सरकारनें देशभर सुधारलेल्या चुलींचा कार्यक्रम हातीं घेतला व तो २००२ पर्यंत चालला. पण बसवून दिलेल्या चुलींपैकीं पुष्कळ दुरुस्तीवांचून निकामी झाल्या.

नवें अस्तर काकूंच्या सांगण्यावरून झालें. माती काळीची नको, पांढरीची हवी, हें त्यांनीं प्रथमच बजावलें. कपाशीला उत्तम असणारी आमची काळी माती ओली असतां फुगते व वाळतांना आकसते. उन्हाळ्यांत शेतांत पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात, त्याच चुलींत पडणार. कुंभाराकडून पांढऱ्या मातींत भाताचा तूस निम्म्याला निम्मा मिसळून जाड कडीं भाजून घेतलीं. भाजतांना तूस जळून जातो, मागें बारीक पोकळ्या उरतात, आणि त्यांतील कोंडलेली हवाच उष्णता अडविते. पत्र्याच्या नळाऐवजीं हीं कडीं एकावर एक बसविलीं व त्यांच्याभोंवतीं चाळलेली कोरडी राख सैल भरली. अकोल्याकडे भात पिकतो, तेथून तुसाची राख आणविली. तींत बहुतांश सिलिकाच असल्यामुळें आणखी जळण्यासारखें असें फारसें कांहीं उरलेलें नसतें. शिवाय राख खालीं बसली तर वरून चार मुठी टाकतां येतात, सिमेंटाप्रमाणें चूल फोडावी लागत नाहीं. मात्र ती भिजतां कामा नये. म्हणून पावसाळ्यांत चूल पडवींत ठेवितों.

यंदाचें वाळवण आटोपल्यावर झांकण काढून पाहिलें. वरच्या कड्याला केसाएवढी चीर होती व राख दोन बोटें खालीं गेली होती. चिरेंत पांढऱ्या मातीचा लेप भरला, राख वाढविली. मुलीचा तळहात पूर्ण बरा झाला आहे. चीक मात्र ती चुलीपासून चार हात लांब, पायरीवर बसून खाते.