कीटकनाशकं आणि पक्ष्यांची संप्रेरकं

कुंभकोणमजवळचं साक्कोट्टै कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातलं, भातखाचरांच्या मुलखातलं. बगळे, ढोकऱ्या खाचरांतलेच बेडूक, मासे, किडे टिपतात. पिकावर फवारलेल्या कीटकनाशकांचं विष त्या वाटेनं त्यांच्या अंगात जातं.

• संप्रेरकबाधक रसायन : संप्रेरकाची नक्कल करतं किंवा त्याचं काम अडवतं. डीडीटीतला एक घटक इस्ट्रोजेनसारखा वागतो.

• डीडीई : डीडीटीचं विघटन होऊन उरणारं, चरबीत साठणारं. त्यामुळे अंड्याच्या कवचाला कॅल्शियम कमी पडतं. कवच पातळ होऊन उबवणाऱ्या मादीच्याच वजनानं फुटतं. ब्रिटनमधल्या बहिरी ससाण्यांवरचा यासंबंधीचा अभ्यास १९६७चा.

• मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक वेगळं : मुख्य घाव मज्जासंस्थेवर. मात्रा जास्त असेल तर पक्षी तासाभरातही दगावतो.

• भारतात बंदी : डीडीटी शेतीसाठी १९८९ (डासांवरची फवारणी मात्र चालू राहिली), एंडोसल्फान २०११, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं.