सतरा सप्टेंबरची चतुर्दशी

१७ सप्टेंबर २०२४, मंगळवार. सकाळी छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातल्या स्मृतिस्तंभापाशी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं ध्वजवंदन आणि त्याच दिवशी अनंत चतुर्दशी, म्हणजे राजाबाजारच्या संस्थान गणपतीपासून सुरू होऊन गुलमंडीवरून जाणारी विसर्जन मिरवणूक. योगायोग म्हणून हे सोडून देता आलं असतं. पण १९४८चं पंचांग मांडून पाहिलं की अंगावर काटा येतो.

१३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. १७ तारखेला निजाम मीर उस्मान अली खान यांनी माघार घेतली आणि मराठवाडा मोकळा झाला. त्या शुक्रवारीही सूर्योदयाला भाद्रपद शुद्ध चतुर्दशीच होती. मुक्तीची तारीख आणि मुक्तीची तिथी २०२४ मध्ये पुन्हा एकत्र आल्या.

एका तारखेला अनेक मोठ्या घटना घडलेल्या असणं यात तसं नवल नाही. वर्षाचे खाने ३६५ आणि इतिहास अफाट, तेव्हा प्रत्येक खान्यात गर्दी होणारच. १७ सप्टेंबर १६८३च्या पत्रात लेवेनहूकने दातांवरच्या किटणातले हलणारे सूक्ष्म जीव लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. १७ सप्टेंबर १८५७ला अंतराळ प्रवासाचं गणित मांडणारा त्सिओल्कोव्स्की जन्मला. मात्र रशियात तेव्हा जुनी ज्युलियन दिनदर्शिका चालू होती, त्यामुळे तिथल्या लेखी तो दिवस ५ सप्टेंबरचा. या घटनांना तारखेपलीकडे बांधणारं काहीही नाही. तारीख आणि तिथी जुळतात तेव्हा मात्र त्यामागे सूर्य आणि चंद्र असतात.

चांद्रमास सरासरी २९.५३ दिवसांचा. असे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात आणि सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवस मागे राहतात. ही तूट अधिक मास भरून काढतो. १९ वर्षांत असे सात अधिक मास घातले की एकूण २३५ चांद्रमास होतात. त्यांचे दिवस ६,९३९.६९ आणि १९ सौर वर्षांचे ६,९३९.६०. फरक जेमतेम दोन तासांचा! अथेन्सच्या मेटनच्या नावाने हे चक्र ओळखलं जातं; त्याचा काळ इसवी सनापूर्वी ४३२च्या सुमाराचा. आपल्याकडे वराहमिहिराने ‘पंचसिद्धान्तिके’त नोंदवलेल्या रोमक सिद्धान्तातही हेच प्रमाण येतं: २,८५० वर्षांत १,०५० अधिक मास.

म्हणूनच १९४८ नंतर १९६७, १९८६, २००५ आणि २०२४ या चारही वर्षी अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरलाच आली. मेटननंतर शतकभराने कॅलिपस या ग्रीक ज्योतिर्विदाने अशी चार चक्रं जोडून ७६ वर्षांचं चक्र सुचवलं. त्यात ९४० चांद्रमास आणि २७,७५९ दिवस. १७ सप्टेंबर १९४८ ते १७ सप्टेंबर २०२४ हे दिवस मोजा, नेमके २७,७५९ भरतात. हैदराबादच्या मुक्तीला त्या दिवशी एक संपूर्ण कॅलिपस चक्र झालं होतं. अमृतमहोत्सवाइतकाच मोठा टप्पा होता हा, आणि मला वाटतं त्याची दखल घ्यायला हवी होती.

याच शहरात आणखी एक कालगणना नांदते. हिजरी वर्ष निव्वळ चांद्र, त्यात अधिक मास नाही. त्यामुळे ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकते आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. २०२४ला ईद-ए-मिलाद १६ सप्टेंबरला होती, विसर्जनाच्या आदल्या दिवशी. १९ वर्षांचं चक्र तिला लागू नाही, म्हणून ही जोडी २०४३ला जुळणार नाही.

आणि मुक्तिदिन-चतुर्दशीची जोडी? तीही तेव्हा अडखळेल असं दिसतं. १९ वर्षांत लीप दिवस चार आले तर ६,९३९ दिवस होतात, पाच आले तर ६,९४०. २०२४च्या सप्टेंबरपासून २०४३पर्यंत चारच येतात, म्हणजे २३५ चांद्रमासांना सुमारे १७ तास कमी पडतात. १९४८ ते १९६७ मध्येही चारच होते, पण चंद्राची गती एकसारखी नसते आणि त्या वेळी त्या चढउताराने निम्म्याहून अधिक तूट भरून निघाली. या खेपेला तोच चढउतार उलट दिशेने ढकलतो. मी मांडलेल्या हिशोबात १७ सप्टेंबर २०४३च्या सूर्योदयाला त्रयोदशी आहे, चतुर्दशी त्यानंतर लागते, आणि १८ तारखेच्या सूर्योदयानंतर थोड्याच वेळात ती संपते. विसर्जन सतराला करायचं की अठराला, हे पंचांगकर्त्यांना त्या वर्षी ठरवावं लागेल.